काचेवरचं धुकं

पडद्यांच्या दुकानात सव्वीस वर्षं काढल्यावर शिंपीणबाईंना अवकाश संशोधनाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, तेव्हा नवऱ्याने नेमणुकीचा कागद उलटसुलट करून पाहिला.

"अवकाशात शिवणकाम? तिथे कोणाचा झगा उसवलाय?"

"खोलीएवढी चादर शिवायची. कागदाहून पातळ. ती घडी करून डब्यात भरायची, वर गेली की आपली आपण उलगडली पाहिजे. कशी उलगडते त्याचा अभ्यास चाललाय."

"उपयोग काय त्याचा?"

"मूलभूत संशोधन आहे. उपयोग मागून येतो."

"म्हणजे सध्या नाही," म्हणत नवऱ्याने कागद परत दिला. आयुष्यभर बस चालवलेला माणूस. गाडी कुठे जाते हे पाटीवर लिहिलेलं असलं तरच त्याचा विश्वास बसे.

या अभ्यासाला पैसा तीन देशांचा होता आणि अट अशी, की ज्याचा पैसा, त्याला कामाचा वाटा. एका देशातून चंदेरी फॉइल येई. दुसऱ्या देशातून दोरा येई, औषधासारखा पाकिटात बंद. तिसरा देश आपला. आपल्या वाट्याला प्रयोगशाळा, तिच्या प्रमुख मॅडम आणि शिंपीणबाई.

बाई रमल्या. पांढरा झगा, टोपी, हातमोजे घालून दिवसभर टाके घालायच्या. शिवलेला तुकडा मॅडम एका मोठ्या टाकीत ठेवायच्या, आतली हवा पंपाने काढून घ्यायच्या आणि खिडकीतून घडी उलगडताना बघायच्या. पण हवा काढली की दर वेळी खिडकीच्या काचेवर आतून धुकं धरे. तीन महिने हेच. अखेर मॅडमनी अहवालात लिहून टाकलं, की फॉइलला काहीतरी चिकटून येत असावं. फॉइलवाला देश असा चिडला, की पुढच्या तीन वर्षांचा पैसा द्यायचा की नाही हे ठरवायला बाकीच्या दोन्ही देशांची माणसं थेट प्रयोगशाळेत येऊन उभी राहिली.

"आमची फॉइल स्वच्छ आहे," फॉइलवाले साहेब टाकीसमोर म्हणाले. "आरोप मागे घ्या, नाहीतर आम्ही बाहेर पडतो."

मॅडमनी टाकी उघडली. "तुम्हीच बघा ही काच."

सगळे बघून बाजूला झाले तशा बाईही उठून आल्या. त्यांनी हातमोजा काढला आणि काचेवर बोट फिरवलं. तो बुळबुळीत स्पर्श त्यांच्या चांगलाच ओळखीचा होता. मेण!

दोऱ्याला गाठी पडू नयेत म्हणून शिवण्याआधी तो मेणाच्या तुकड्यावरून ओढून घ्यायचा, ही दुकानातली सवय. इथेही त्यांनी तेच केलं होतं. टाकीतली हवा काढली की तेच मेण दोऱ्यावरून उडून काचेवर बसत होतं. तुकडा झग्याच्या खिशातच होता. मॅडमना वाटे, शिवणकामात असंच असतं. बाईंना वाटे, मॅडम बघतातच आहेत.

गप्प बसावं, तर फॉइलवाले उठून जाणार आणि प्रयोगशाळेला टाळं लागणार. बोलावं, तर उद्यापासून पुन्हा पडद्यांच्या झालरी. बाईंनी तुकडा काढून टेबलावर ठेवला.

"साहेब, तुमच्या फॉइलला नावं ठेवू नयेत. हे माझं काम." आणि दुकानापासून आजपर्यंतची सगळी हकिगत त्यांनी सांगून टाकली.

मॅडमचा चेहरा उतरला. एवढ्या लांबलचक हकिगतीचं भाषांतर त्यांनी एका वाक्यात केलं: "धुकं मेणाचं आहे, चूक आमची." फॉइलवाले साहेब इतके खूश झाले, की त्यांनी बाईंचा मेणाळ हात हातात घेऊन हलवला.

पण आता दोरावाल्या देशातून आलेल्या बाईंनी नाक फुगवलं. दोन्हीकडचं बोलणं पोचवायला मॅडमच होत्या. "आमच्या दोऱ्याला मेण लावावं लागतं?"

"लावावंच लागतं," शिंपीणबाई म्हणाल्या. एकदा तोंड उघडलंच होतं. "पीळ सैल आहे. चौथ्या टाक्याला गाठ."

"आमच्याकडच्या बायका नुसत्या दोऱ्याने शिवतात!"

"मग पाठवा एक. बघते तरी कशी शिवते."

मॅडमनी या वाक्याचं भाषांतर फारच गोड केलं असावं, कारण दोरावाल्या बाई ते वहीत लिहून घेऊ लागल्या. नंतर तीन दिवस मॅडम शिंपीणबाईंशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी अहवाल नव्याने लिहायला बसल्या आणि "मेण नेमकं कुठलं?" एवढंच विचारलं.

दोन महिन्यांनी पत्र आलं. तीन वर्षांचा पैसा मंजूर. शिवाय दोरावाल्या देशाचा वाटा वाढवून त्यांची एक शिंपीण इथे कामाला.

ती आली. पन्नाशीची, धिप्पाड, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. शिंपीणबाईंनी समोर फॉइल ठेवली आणि हाताची घडी घालून बसल्या. पाहुणीने सुई ओवली. एक टाका, दोन, तीन. चौथ्याला गाठ. तिने चोरून इकडेतिकडे पाहिलं, तोंडावरची पट्टी हळूच खाली सरकवली आणि दोरा ओला करायला जिभेकडे नेला.

शिंपीणबाईंनी झडप घालून तिचं मनगट धरलं. "अगं ए, थुंकी नाही चालत इथे!"

पाहुणीला शब्द कळला नाही, पण शिंपिणीचा वटारलेला डोळा कुठल्याही देशात कळतो. तिने दोरा खाली ठेवला आणि खो खो हसत सुटली.