दरडीवर कोण होतं?

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. औंढ्याला नागनाथासमोर हात जोडून उभा राहिलो तेव्हा त्यालाही नाही — देवापुढेसुद्धा इकडचं तिकडचं मागून परत आलो. तुम्हालाच का सांगतोय? कारण असं काही नाही. पोटात आता मावत नाही, एवढंच.

निजामाचं राज्य होतं तेव्हा मी एका सरकारी उत्खननावर कामाला होतो. मुकादमाच्या वरचा, साहेबाच्या खालचा. म्हणजे रुबाब साहेबाचा आणि भीती मुकादमाची. पूर्णेच्या काठी एक टेकाड होतं, जुन्या वस्तीच्या राखेचं आणि मातीचं. गावकरी त्याला पांढरी म्हणत. फार पूर्वी तेर-पैठणच्या वाटेवरचे व्यापारी तिथे मुक्कामाला थांबत असावेत. बैलांना पाणी पाजायची दगडी कुंडं, ओळीनं मांडलेल्या चुली, असं बरंच काही आम्हाला सापडलं होतं. पार रोमहून आलेला माल याच मुक्कामावर उतरत होता, असा माझा दावा होता. दावा — आणि पुरावा म्हणाल तर खापराचा तुकडासुद्धा नाही! हैदराबादचे मोठे साहेब हसायचे. पाडव्यापर्यंत काही निघालं नाही तर काम बंद, असं त्यांनी बजावलं होतं. काम बंद म्हणजे मी पुन्हा कुठल्यातरी कचेरीत कारकुनी करणार. मला ते मरणाहून वाईट वाटायचं. मरणाहून — बघा, काय लिहून गेलो.

आता तिथली एक रीत सांगतो. गावातली माणसं दर उन्हाळ्यात घरांच्या माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, घालायला हीच माती खणून नेत. माती भुसभुशीत. पोटातून कोरली की वरची दरड कधी बसेल याचा नेम नाही. म्हणून एकानं खाली खणायचं आणि दुसऱ्यानं वर, दरडीवर बसायचं. बारीकशी भेग दिसली की ओरडायचं. वर बसणारं माणूस घरचंच लागे, कारण परक्याच्या हाती जीव कोण देतो? आणि एकदा बसलं की दुसरं कुणी जागा घेईपर्यंत उठायचं नाही. आमच्या खड्ड्यावरही हीच रीत होती. किसन खणायचा आणि त्याची बायको सुभद्रा वर बसायची.

त्या दुपारी दरडीच्या पोटात रांजण दिसला. दोन कानांचा, लांब मानेचा, खाली निमुळता. असला घाट आपल्याकडचा कुंभार घडवत नाही. रोमचाच! वरून थर उतरवत रीतसर खाली यायचं तर बरेच दिवस गेले असते, आणि पाडवा तर तोंडावर आलेला. मी किसनला म्हटलं, पोटातूनच काढ.

"सायेब, पांढरी बसंल," तो म्हणाला.

मी सुभद्रेला नदीवरून पाणी आणायला सांगितलं, रांजण धुवायला. ती उठेना. मग म्हटलं, "मी बसतो तुझ्या जागी. जा." तेव्हा उठली. जाताना म्हणाली, "ध्यान ठिवा हं, सायेब."

आणि दरड बसली.

पलीकडच्या खड्ड्यांवरचे मजूर धावत आले, सगळ्यांनी हातांनी माती उपसली. किसन निघाला तेव्हा गेलेला होता. नाकातोंडात पांढरी माती. सुभद्रा भरली घागर घेऊन खड्ड्याच्या काठावर उभी होती, ती खाली ठेवायचंही तिला सुचत नव्हतं.

मोठे साहेब आले. गावासमोर त्यांनी एकच विचारलं — दरडीवर कोण होतं? आणि मी म्हणालो, "त्याची बायको. न विचारता उठून गेली."

"सायेब, असं काहून बोलून राहिले?" सुभद्रा म्हणाली. "तुमीच जा म्हनलं न्हाई का?"

"मी? मी नाही म्हटलं."

आवाजसुद्धा कापला नाही माझा. शिकलेल्या माणसाचा शब्द, गावानं खरा धरला. दिरांनी लेकरू ठेवून घेतलं आणि तिला दाराबाहेर काढलं. दरडीवरून उठणारी बाई — तिच्या हातचं पाणी कोण पिणार, असं म्हणाले.

तुम्हाला वाटेल, कबुली झाली. भित्रा माणूस, खोटं बोलला. मीही इतकी वर्षं स्वतःला एवढंच सांगत आलो. पण — कसं लिहू? भेग मी पाहिली होती.

माझ्या पायापासून हातभर अंतरावर, केसाएवढी बारीक. ओरडायला तोंड उघडलंही होतं. खाली रांजण मातीतून अर्धा सुटून किसनच्या हातात आला होता. ओरडलो असतो तर त्यानं तो टाकून उडी मारली असती, आणि रांजण फुटला असता. मनात आलं, थोडंच राहिलंय. भेग बोटभर रुंद झाली. मी तिच्याकडे बघत होतो. मग मागे सरलो — मी. गुपचूप.

उपसलेल्या मातीतून रांजणही निघाला. नुसता एक कान तुटला. साहेबांनी पाठ थोपटली, आणि काम पुढे बरीच वर्षं चाललं.

निजामी जायच्या थोडं आधी, तिकडच्याच गोरेगावच्या वाटेला सुभद्रा दिसली. रस्त्याच्या कडेला खडी फोडत बसली होती, एकटीच. मला वाटलं, आता तोंडावर थुंकणार. थुंकावं असं फार वाटलं. ती उठली, पदर सारखा केला.

"सायेब, लई दिस इचार केला म्या," ती म्हणाली. "तुमी कशाला खोटं बोलाल? मलाच तवा भास झाला असंल, तुमी जा म्हनल्याचा. माझ्यामुळंच गेला त्यो."

"होतं असं उन्हात, बाई," मी म्हणालो, आणि पुढे चालू लागलो.