तोच गेम, नवा रंग
सांगलीच्या एका व्यापाऱ्याने मला फसवलं. सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की अजून डोकं तापतं. नव्वदच्या दशकात कोरेगावच्या स्टँडजवळ माझं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. "तोच गेम हाय, नुसता रंग नवा," म्हणत त्याने माझ्या मशीनमधलं जुनं सर्किट नेलं आणि नव्या आवृत्तीचं बसवलं. पसंत पडलं नाही तर जुनं परत, ही अट मी घासाघीस करून घातली होती. संध्याकाळी कॉलेजची पोरं नव्या रंगांवर खूश झाली. पण बाजार उठल्यावर रोज येणारे फळवाले चाचा गेममधल्या नेहमीच्या भिंतीवर उडी मारून बघत राहिले. तिथला चोरदरवाजा उघडेचना. "शेट, ह्यो आपला गेम न्हवं," ते म्हणाले. "चाचा, तुमी कॅरम खेळा आता!" पोरं खिदळली आणि भांडण पेटलं. जुनं सर्किट परत आणायला सकाळीच मी सांगली गाठली. व्यापाऱ्याच्या दुकानभर सोल्डरिंगचा धूर होता आणि कारागीर माझ्याच सर्किटवरच्या चिप तापवून उपटत होता. "अट काय ठरली होती?" मी ओरडलो. "आवं, जुनं कोण खेळतंय आता?" व्यापारी हसला. चाचा पुन्हा माझ्या दुकानात आले नाहीत. आता माझे केस पिकलेत, तरी त्या व्यापाऱ्याने एवढं सांगावंच: नवं खुशाल विक, पण आमचं जुनं मोडायला तुला कोणी सांगितलं होतं?