अंशतः खरे आहे

मी आमदार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या कुसगावात काही लोकांचा तसा समज आहे आणि तो पसरवण्यात माझा हात आहे. मी आमदारांचे प्रश्न लिहून देतो, बस्स. लोणावळ्याच्या एका शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलं, निवृत्त झालो, आणि घरात बसून सूचना करायला लागलो. भाजीत मीठ किती, फरशी कुठून पुसायची वगैरे. बायको कंटाळली. त्याच सुमारास माझी एक जुनी विद्यार्थिनी विधान परिषदेवर निवडून गेली. ती शाळेत असताना तिच्या निबंधावर मी लाल शाईने 'पाल्हाळ नको' असं लिहून दिलं होतं म्हणे. तिने माझी आठवण ठेवली आणि म्हणाली, "सर, प्रश्न लिहायला कुणीतरी भाषा येणारं हवंय." बायको म्हणाली, "घेऊन जा बाई."

तर ही आमची ताई. सभागृहात ती उभी राहिली की अधिकारी फायली चाळायला लागतात. पाणी, दवाखाने, शिष्यवृत्त्या, कुणाला काय मिळालं आणि कुणाला का नाही मिळालं, एवढंच ती विचारत असते. तिच्यासाठी मी लिहायचे ते तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यांचं उत्तर मंत्र्यांना सभागृहात उभं राहून द्यावं लागतं. त्यांचा साचा ठरलेला. अमुक घडले आहे, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय? उत्तरांचाही साचा ठरलेला. हे खरे आहे. हे खरे नाही. आणि धड खरंही बोलवत नसेल, धड खोटंही, तर 'अंशतः खरे आहे'. पहिल्याच प्रश्नाला 'हे खरे नाही' आलं की खालच्या सगळ्या प्रश्नांवर एकच झाडू फिरतो: प्रश्न उद्भवत नाही.

ही भाषा माझ्या अंगात इतकी भिनली की बायकोने दुधाचं विचारलं तरी मी म्हणायचो, "अंशतः खरे आहे." म्हणजे पिशवी आणलीय, पण येताना फुटली.

लोणावळ्यात ताईंचं छोटं कार्यालय आहे. आठवड्यातून तीन दिवस मी तिथे बसतो. ऑगस्टात एका दुपारी पवनानगरच्या पलीकडून एक मावशी आल्या. साठीच्या असतील. छत्री बाहेर झटकून, दाराशी कोपऱ्यात नीट उभी करून त्या आत आल्या आणि खुर्चीवर बसल्या. त्यांची बौद्ध वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, समोर धरण.

"गुरुजी, आमच्या वस्तीत नळ हाय, पानी न्हाई," त्या म्हणाल्या. "वर गावात रोज येतं. आमच्यात पाइप टाकला, नळ बसवलं, फोटू काढून नेलं. एक दीस बी पानी आलं न्हाई."

"आता तर पाऊस आहे," मी म्हणालो. कशाला म्हणालो कोण जाणे.

"पावसात पत्र्याखाली बादल्या लावतो, भागतंय. पर दिवाळी झाली का मग लय हाल. आधी पायवाट व्हती सरळ पान्यावर. आता तितं फिरायला येनाऱ्यांसाठी तंबू लावत्यात, त्या तंबूवाल्यांनी तार वढली, वळसा घालून जावं लागतं. माझं गुडघं गेलं. सून कंपनीत जाती, सकाळच्याला गाडी येती तिची. तिनं पानी भरायचं का गाडी धरायची? दोनदा सुपरवायझर बोललाय तिला. आता उशीर झाला तर घरीच बस म्हनलाय. दिवाळीच्या आत काय तरी करा."

मी सगळं लिहून घेतलं. मधे उठून, शिपाई नव्हता म्हणून, मी स्वतः त्यांना पाणी दिलं. ही गोष्ट त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोला सांगितलीसुद्धा, की बघ, आपल्याला कसलाही कमीपणा वाटत नाही. मावशी गेल्या आणि त्यांच्याच वरच्या गावचे सरपंच आले. ते नेहमीचे. त्यांचा चहा झाला, हवापाणी झालं, ते गेले, मग मी प्रश्न लिहायला बसलो.

आणि घात तिथेच झाला. 'वस्तीत नळ आहेत, परंतु त्यांना पाणी येत नाही', हे वाक्य मी लिहिलं, वाचलं आणि खोडलं. त्यात दमच नव्हता! नळ आहेत म्हटलं की अर्धी लढाई तिथेच हरल्यासारखं वाटत होतं. मग मी लिहिलं, 'धरणाच्या काठावर असूनही सदर वस्ती नळजोडणीच्या मूलभूत सुविधेपासून वंचित आहे, हे खरे आहे काय?' खाली समता, सामाजिक न्याय, मानवी प्रतिष्ठा, असे सहा उपप्रश्न. वाचताना माझाच ऊर भरून आला.

ताईंनी वाचलं. "सर, जाऊन पाहिलंत ना?"

"म्हणजे काय," मी म्हणालो.

पाहिलं कुठलं डोंबल! शनिवारी निघणार होतो, तर भुशी धरणाला जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्यांनी लोणावळा असं तुंबवलं होतं की मी अर्ध्या तासात आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंतसुद्धा पोचलो नाही. रविवारी तेच. सोमवारी रस्ता मोकळा होता, पण सोमवारी माझी कंबर दुखत होती. आणि मग वाटलं, आपण इतकी वर्षं भाषा शिकवली, आपल्याला बघायला कशाला जावं लागतं?

प्रश्न हिवाळी अधिवेशनात लागला. मी शेजारच्या चार जणांना घरी बोलावलं, चिक्की फोडली, मोबाइल बरणीला टेकवून उभा केला. ताई उभ्या राहिल्या. मंत्री उभे राहिले. शांतपणे म्हणाले, "हे खरे नाही. सदर वस्तीत पाच नळ बसविण्यात आले असून त्यांची छायाचित्रे उपलब्ध आहेत. उर्वरित प्रश्न उद्भवत नाहीत." ताईंनी पाण्याचं काढलं, तर ते हसून म्हणाले, मूळ प्रश्न नळांचा आहे, सन्माननीय सदस्यांनी माहिती घेऊन प्रश्न विचारले तर सभागृहाचा वेळ वाचेल. मागची बाकं हसली. माझ्या घरातले चार जण मात्र हसले नाहीत. ते चिक्की चघळत माझ्याकडे बघत राहिले, ते जास्त वाईट होतं.

संध्याकाळी नागपूरहून फोन आला. ताई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "सर, तिथे नळ आहेत," एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आता उद्या जा."

दुसऱ्या दिवशी मी पवनानगरची जीप धरली. पुढचं चालत गेलो. वस्तीत पाच नळ होते. एकावर टॉवेल वाळत होता, एकाला शेळी बांधलेली. एक मी फिरवून पाहिला. नुसता सुं सुं आवाज आला.

मावशी ओट्यावर होत्या. मी उत्तराचा कागद त्यांच्यापुढे धरला आणि वाचून दाखवायला तोंड उघडलं, तर त्यांनी तो हातातून घेऊन स्वतःच वाचला. शेवटपर्यंत, ओळींवर बोट न ठेवता. मग म्हणाल्या, "मी काय सांगितलं हुतं तुमाला?"

"नळ आहे, पाणी नाही."

"मग हे कुनी लिवलं?"

"मी."

"तालुक्याला गेलते काल दुपारच्याला," त्या म्हणाल्या. "सायेब म्हनला, तुमच्याच ताईनं इचारलं, उत्तर बी आलं, इषय संपला. आता कुनाकडं जाऊ?"

मी सुनेचं विचारलं. ती आतच होती. सकाळच्या वेळेला घरात होती, यावरून मला कळायला हवं होतं. मावशी म्हणाल्या, "बसवलं घरी तिला, दिवाळीनंतर आठ दिसात." मला त्या क्षणी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. त्या दिवाळीच्या आत म्हणाल्या होत्या, आणि मी दमदार वाक्य करून अधिवेशनाची वाट बघत बसलो होतो.

सुनेने स्टीलच्या तांब्यातून पाणी आणून दिलं. ते कुठून आणि कसं आलंय ते मला आता माहीत होतं, म्हणून मी दोनच घोट घेऊन तांब्या खाली ठेवला. मावशी म्हणाल्या, "प्या समदं. ठिवलं तर वाया जाईल." मी सगळं प्यायलो.

मग त्या म्हणाल्या, "गुरुजी, मी बी एक प्रश्न इचारू?"

"विचारा की."

"तुमच्या हापिसात फळीवर स्टीलचं पेलं हायेत, हे खरं हाय का?"

मला आधी काही कळलंच नाही. मग ती फळी डोळ्यांपुढे आली. फळीवर सहा पेले आहेत, धुऊन पालथे घातलेले. ऑगस्टात मी स्वतः उठून, कौतुकाने, मावशींना पाणी दिलं होतं ते कागदी कपात. आणि त्या छत्री उचलून बाहेर पडताना सरपंच आत येत होते, त्यांच्यासाठी मी फळीवरून पेला काढला होता. मावशींनी ते पाहिलं होतं. मी विचार करून केलं नव्हतं, देवाशपथ. हात आपोआप तिकडे गेला होता, आणि हेच तर वाईट.

इतक्या वर्षांची सवय. माझ्या तोंडून निघालं, "अंशतः खरे आहे."

"अंशतः म्हंजे किती? अर्धा पेला?" मावशी म्हणाल्या आणि हसल्या. सूनही आत हसली. मला हसू आलं नाही. मी म्हणालो, "खरं आहे, मावशी. चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "बरं. आता लिवा. मी सांगते तसं."

त्यांनी सांगितलं आणि मी शाळेतल्या पोरासारखा मान खाली घालून लिहिलं. या पाच नळांना पहिल्यांदा पाणी कोणत्या तारखेला आले? त्यानंतर कोणत्या कोणत्या दिवशी आले? ते आल्याचे कोणी पाहिले? पाणी वर कुठे अडते? बस्स. समता नाही, प्रतिष्ठा नाही, वंचित नाही. ताईंनी कागद वाचला आणि विचारलं, "हे तुम्ही लिहिलंत?" मी म्हणालो, "नाही." त्या म्हणाल्या, "तरीच."

मार्चच्या अधिवेशनात तो प्रश्न लागला. या वेळी मी शेजारी बोलावले नाहीत. 'हे खरे नाही' म्हणायला जागाच नव्हती. तारीख द्यायची होती आणि तारीख नव्हतीच. मंत्र्यांनी कागद उलटसुलट केले आणि तपासून घेतो म्हणाले. ताई बसल्या नाहीत. "कधीपर्यंत? सभागृहात सांगा," म्हणाल्या. महिन्याभरात इंजिनिअर वस्तीवर गेले. वरच्या गावात एक व्हॉल्व्ह होता, तो कायम बंद ठेवलेला. उघडला. दिवसाआड तासभर का होईना, पाणी आलं.

एप्रिलच्या अखेरीला मी कार्यालयात होतो. समोर वरच्या गावचे सरपंच, व्हॉल्व्ह उघडल्यापासून आमच्याकडे धार बारीक झाली म्हणून तक्रार घेऊन आलेले. तेवढ्यात मावशी आल्या. मी ताडकन उठलो. फळीवरून स्टीलचा पेला काढला, सगळ्यांना दिसेल असा विसळला, ताटलीत ठेवून आणला. पुरस्कार द्यायला निघाल्यासारखा.

मावशींनी पेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पिशवीतून बाटली काढली. बाटलीतलं पाणी त्या पेल्यात ओतलं आणि पेला माझ्याकडे सरकवला.

"घ्या. आमच्या नळाचं हाय."

मी प्यायलो. चांगलं गार होतं. मी सुनेचं विचारलं. "बघतीय दुसरीकडं. ती कंपनी काय परत घेईना," त्या म्हणाल्या. मग त्यांनी फळीवरचा दुसरा पेला स्वतः घेतला, भरला आणि सरपंचांपुढे धरला. "घ्या भाऊ."

सरपंच म्हणाले, "नको नको, आत्ताच चहा झालाय."

हे वाक्य मी जन्मभर ऐकलंय. ऐकलंय कशाला, बोललोय. जनगणनेच्या कामाला, पटनोंदणीला वस्त्यावस्त्यांतून हिंडलो, आणि विशिष्ट घरांच्या ओट्यावर बसलो की हेच म्हणायचो, अगदी नम्रपणे, उन्हाने घसा कोरडा पडलेला असताना. समोरच्या बाया 'बरं' म्हणून आत जायच्या. त्यांना कळत नसेल असं मला वाटायचं. मावशी हातात पेला धरून उभ्या होत्या आणि सरपंचांकडे बघतच नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हणालो, "सरपंच, चहा मी अजून सांगितलेलाच नाही."