मेंढरं कातरून सुटलेली दारू

मुलांनो,

तुमच्या कॉलेजात वादविवाद आहे आणि विषय असा की, व्यसनमुक्तीच्या चळवळी सुरू करणाऱ्यांना जगातलं मोठं शांतता पारितोषिक द्यावं की नाही. मला विचारलंत हे बरं केलंत. याच विषयावर तुमच्या आजोबांचं आणि माझं वेल्ह्याला असताना कडाक्याचं भांडण झालं होतं, त्यामुळे दोन्ही बाजूंचे मुद्दे माझ्याकडे तयार आहेत.

भोर संस्थान विलीन झाल्यावर काही वर्षांनी तुमच्या आजोबांची भोरहून वेल्ह्याच्या कचेरीत अव्वल कारकून म्हणून बदली झाली. दारूबंदीचा कायदा आलेला होता. त्याचा आमच्याकडे झालेला परिणाम इतकाच, की दारू दुकानातून उठून डोंगरात राहायला गेली होती. तोरण्याच्या अंगाला धनगरांच्या दोन वाड्या होत्या, एक वरची आणि एक खालची. दोघींत मिळून पाण्याचा झरा एकच. दिवसा कुणी कुणाशी भांडत नसे. दिवेलागणीला घोट पोटात गेला, की वरच्यांना खालच्यांचा आणि खालच्यांना वरच्यांचा तीन पिढ्यांचा इतिहास आठवे. सकाळी डोकी बांधलेली माणसं फिर्याद घेऊन कचेरीच्या ओट्यावर हजर.

वरच्या वाडीत एक मेंढपाळ होते. त्यांना सगळे तात्या म्हणत. पिण्यात आणि मारामारीत तेच पुढे. एकदा पिऊन मेंढरं कातरताना त्यांनी आपल्या लाडक्या मेंढ्याचा अर्धा कान कापला. त्या दिवशी त्यांनी दारू सोडली. पण सोडलेली दारू रोज दिवेलागणीला दारात येऊन उभी राही. मग त्यांनीच उपाय काढला. तल्लफ आली की कातर हातात घ्यायची आणि एक मेंढरू कातरायचं. मेंढराची कातडी पातळ, हात जरा हलला की रक्त निघतं, त्यामुळे कातरताना दुसरा विचार करता येत नाही. मेंढरू उघडं होईपर्यंत तल्लफ निघून गेलेली असे.

आपल्याला जमलं म्हटल्यावर तात्या दुसऱ्यांना बोलावू लागले. आधी वरच्या वाडीतले आले, मग खालच्या वाडीतलेही. एकाने पाय धरायचे, दुसऱ्याने कातरायचं. आपण कातरत असलेल्या मेंढीचे पाय ज्याच्या हातात आहेत, त्याच्याशी भांडता येत नाही. वर्ष उलटलं आणि कचेरीतल्या फिर्यादी आटल्या.

मी तुमच्या आजोबांना म्हटलं, हा माणूस युरोपात असता तर त्याला शांततेचं बक्षीस मिळालं असतं. ते म्हणाले, ते बक्षीस देशादेशांतली युद्धं थांबवणाऱ्यांना असतं, झऱ्यावरची भांडणं मिटवणाऱ्यांना नाही. मी म्हटलं, देशांचंही भांडण झऱ्यावरूनच असतं, फक्त झरा मोठा असतो. आणि तहावर सह्या करणारे आपापल्या देशात निघून जातात, ह्यांना दुसऱ्या सकाळी त्याच झऱ्यावर घागर लावायची असते. ते म्हणाले, दारू सोडली यात त्याचाच फायदा, त्याला बक्षीस कशाला? मी म्हटलं, सोडण्यात फायदा त्यांचा, पण वैऱ्याला आपल्या मेंढरांच्या वाड्यात बोलावून त्याच्या हातात कातर देण्यात कुणाचा? माझं मत अजून तेच आहे. शेवटी वाद संपवायला म्हणून त्यांनी शाळेत तात्यांचा सत्कार ठरवला.

एकाच माणसाचा विरोध होता, तात्यांच्या बायकोचा. बाजाराच्या दिवशी ती आमच्या पायरीवर येऊन बसली.

"बाईसाहेब, सत्कार नगा करू. मागं भोरच्या बाजारात आमच्या मेंढ्याला पैला नंबर मिळाला. त्या आनंदात आमचं धनी पंदरा दिस सुदीवर न्हवतं. दुखात न्हाई पेत त्ये. कौतुकात पेत्यात."

मी म्हटलं, आता त्यांच्याकडे कातर आहे की.

"कातर हाय, मेंढरू कुठं हाय? गावाची दारू सुटली, पन माजी मेंढरं नागडी झाली."

हे खरं होतं. ऐन थंडीत तात्यांची मेंढरं पाठीवर गोणपाटं बांधून हिंडत होती. मी तिला सांगितलं, आम्ही फक्त पेढे आणि चहा देऊ. तिने एका अटीवर मान हलवली. त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत वाडीवर थांबायचं.

सत्कार चांगला झाला. फेटा, नारळ, भाषणं. तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांच्या बायकोच्या कपाळावर आठी. आम्ही वाडीवर पोचलो तो दिवे लागत होते. वरच्या वाडीतला एक जण दारूची किटली घेऊन आला. तात्यांचा एवढा मान झाला, आजच्या दिवस एक घोट घ्यावा, असं त्याचं म्हणणं. तेवढ्यात खालच्या वाडीची किटली आली. आता मानाचा पहिला घोट कोणत्या वाडीचा, यावरून दोघांनी एकमेकांच्या गळपट्ट्या धरल्या. मधे फेटा बांधलेले तात्या. ते एकदा या किटलीकडे बघत, एकदा त्या. त्यांचा हात जवळच्या किटलीकडे निघाला होता.

बायको मेंढरांच्या वाड्यात जाऊन आली. एकाही पाठीवर बोटभर लोकर नव्हती. तिने तात्यांच्या हातात कातर ठेवली, वरच्या किटलीवाल्याला मानेला धरून त्यांच्यापुढे बसवलं आणि म्हणाली,

"ह्येला घ्या. ह्येच्यावर लई लोकर हाय."

तात्यांनी त्याचं डोकं कातरायला घेतलं. वरच्या वाडीला हा मान आधी मिळाला म्हटल्यावर खालचा कसा गप्प बसणार? तोही पागोटं काढून बसला. मग दोन्ही वाड्यांतले एकेक जण पुढे सरकू लागले. तुमच्या आजोबांनी टोपी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. शेवटचं डोकं झालं तेव्हा तात्यांचा हात दगडासारखा स्थिर होता आणि बायकोने दोन्ही किटल्या उकिरड्यावर उपड्या केल्या होत्या.

सकाळी झऱ्यावर सगळीच डोकी भादरलेली दिसल्यावर डोंगरात मोठं कुणीतरी गेलं, असा बोभाटा झाला. खालच्या गावांतून माणसं समाचाराला आली. कोण गेलं विचारल्यावर जो तो तात्यांच्या दाराकडे बोट दाखवी आणि तिथे तात्या स्वतः चहा घेऊन उभे.

पुढच्या बाजाराला त्यांची बायको भेटली. मी घाबरतच विचारलं, तात्या कसे आहेत.

"बरं हायत. घेतली न्हाई," ती म्हणाली. "पन बाईसाहेब, पुढल्या खेपंला सत्कार करायचा आसंल, तर आदी माज्या मेंढरांवर लोकर आली का, त्येवडं बगून जावा."