शेवंतीच्या मळ्यावरची तार

“मग आम्ही मरायचं का तुझ्या टुकटुकीपायी?” अनसाबाईंनी शेवंतीची ओंजळ पिशवीत जवळजवळ आपटलीच. “बोल की. आता का तोंडात गुळणी धरली?”

“मरायचं कशाला, आत्या? मी काय बॉम्ब करते का घरात?”

“बॉम्ब एकदाच फुटतो, बाई. तुझं रोज हाय.”

अनसाबाईंचा मुलगा सुदर्शन पिशव्यांची तोंडं सुतळीनं आवळत होता. आई आणि बायकोच्या भांडणात तो सहसा पडायचा नाही. कुणाचीही बाजू घेतली तरी रात्रीचं जेवण कडू होतं, हे संसारानं त्याला शिकवलं होतं. पण आज तोही बोलला.

“आई काय चुकीचं बोलतीय? दोन-तीन महिने तार खाली घे. वातावरण निवळलं की परत चढव. तार काय नासती का?”

“उद्या पहाटे स्पर्धा सुरू होतीय. वर्षातनं एकदाच असती.”

“स्पर्धा!” अनसाबाई म्हणाल्या. “बैलगाड्याच्या शर्यतीत लोक मोटारसायकली जिंकून आणत्यात. हिला काय घावतं? कागूद. त्यो बी कवातरी.”

एरवी साधना यावर हसली असती. आज हसू आलं नाही, कारण सासूच्या आवाजात चेष्टा नव्हती, भीती होती. भीती साधनालाही होती. ती फक्त तसं कबूल करत नव्हती.

खुटबावच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून आत गेलं की ओढ्याच्या कडेला यांची वस्ती. चार घरं, सगळी भावकीच. साधनाच्या घरामागं खताची खोली होती. तिथं युरियाच्या गोण्या आणि फवारणीचा पंप यांच्या शेजारी, एका डुगडुगत्या टेबलावर तिचा रेडिओ असायचा. तो ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर चाले. त्यातून निघालेली बारीक तांब्याची तार खिडकीतून कडुलिंबाच्या शेंड्याला आणि तिथून गोठ्यावरच्या पायपाला गेली होती. या तारेच्या जोरावर साधना जपानशी बोलायची, बल्गेरियाशी बोलायची. बोलायची म्हणजे तोंडानं नव्हे. पितळेचा एक खटका होता, तो दाबून लांब आणि आखूड टुकटुक करायची. प्रत्येक अक्षराची टुकटुक वेगळी.

ही विद्या तिला माहेरून मिळालेली. तिचे वडील संपतराव दौंड जंक्शनला तारबाबू होते. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये जेवायला बसलं की ते ताटावर चमचा वाजवून विचारायचे, भाजी हवी का? साधनाही वाजवूनच सांगायची, नको, आमटी वाढा. आई वैतागायची. म्हणायची, पोरीचं लग्न होईल तिथं सासू ताटासकट हाकलील. लग्न झालं आणि साधनानं पंधरा वर्षं एक अक्षरही वाजवलं नाही. मग वडील गेले, भावानं त्यांचा खटका तिच्या हातात दिला, आणि त्या पितळेवर बोट ठेवल्यावर तिला कळलं की एकही अक्षर आपण विसरलेलो नाही. तिनं परीक्षा दिली. दिल्लीहून परवाना आला, तेव्हा सुदर्शननं गावात पेढे वाटले होते. हाच सुदर्शन.

स्पर्धेत काम सोपं असायचं आणि भयंकर घाईचंही. दोन दिवस, दोन रात्री, जगभरातल्या जास्तीत जास्त लोकांना गाठायचं. आपलं नाव द्यायचं, समोरच्याचं घ्यायचं, आणि वाजवायचं: पाच-नऊ-नऊ, बावीस. म्हणजे, तुमचा आवाज स्वच्छ येतोय, आणि मी जगाच्या बावीस नंबरच्या भागात आहे. संपलं. पुढचा. तिथं कुणी विचारत नसे की एका पोरीवर का थांबलात, कसायला घेतलेलं रान कुणाच्या नावावर आहे, सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं काय म्हणतंय. बावीस नंबर, एवढीच ओळख पुरायची.

गावाला ही टुकटुक ऐकू जायचं काहीच कारण नव्हतं. असे रेडिओ चालवणारे बाकीचे लोक कानाला हेडफोन लावून बसतात. साधनाही पहिल्या वर्षी लावायची. पण अनसाबाई हाक मारायच्या, हिला ऐकू यायचं नाही, आणि एकदा गोठ्यात कालवड दाव्यात अडकून धडपडत असताना हिनं तिसऱ्या हाकेलाही ओ दिली नाही. तेव्हापासून घरात कायदा झाला: सुनेनं कानाला झाकणं लावायची नाहीत. साधनानं स्पीकर जोडला. खताच्या खोलीचं दार उघडं, खिडकी उघडी, आणि टुकटुक ओढ्यापलीकडच्या घरापर्यंत.

तोवर कुणाची तक्रार नव्हती. मग ड्रोन आले.

संध्याकाळ झाली की आभाळात लाल-हिरवे दिवे फिरतात, म्हणून आधी नदीपलीकडून ऐकू आलं. चोर वरून घरं बघून ठेवतात, असं कुणी म्हणालं. मग इकडंही दिसू लागले. खरे किती आणि विमानं किती, कुणी सांगू शकत नव्हतं. गावांनी राखणदारीची दलं काढली. दुसऱ्या एका गावात चादरी विकायला आलेल्या दोघांना लोकांनी मारलं. त्यातला एक अजून दवाखान्यात होता. त्याच्याजवळ काय सापडलं? चादरी.

मंगळवारी दिवेलागणीला साधना सराव करायला रेडिओपुढं बसली होती. बाहेर ओरडा झाला. ती खिडकीशी गेली. लिंबाच्या वर, तारेच्या अगदी वर, एक लाल दिवा उभा होता. आवाज नाही, काही नाही. नुसता उभा. तिचा हात खटक्यावरून निघालाच होता. टुकटुक बंद झाली, आणि दिवा सरकला. ओढ्याकडं गेला, उसावर उतरल्यासारखा झाला आणि विझला.

योगायोग. तिला ठाऊक होतं की तिच्या यंत्राचा आणि त्या दिव्याचा काही संबंध नाही. पण अंगावर काटा आला तो आलाच. क्षणभर, अगदी क्षणभर, तिलाही वाटलं होतं की आपण थांबलो म्हणून तो गेला. तिला जे क्षणभर वाटलं, ते ओढ्याकाठी उभ्या असलेल्या राखणदारांना कायमचं वाटलं.

आज शुक्रवार. पिशव्या बांधून होत आल्या होत्या, टेंपो यायचा होता. एवढ्यात समृद्धी आली. दौंडच्या कॉलेजातून एसटीनं येणारी पोरगी रोज फाट्यापासून गाणी ऐकत रमतगमत यायची. आज धावत आली. दप्तरही काढलं नाही.

“मम्मी, हे बघ.”

मोबाइलवर त्यांचाच लिंब होता. तार दिसत होती. मागं टुकटुक ऐकू येत होती, आणि खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘हेच ते घर. फॉरवर्ड करा.’

“कुणी काढला?” सुदर्शननं विचारलं.

“काय माहीत. एसटीत समद्यांच्या मोबाइलवर हाय. पप्पा, एक माणूस मला म्हणाला, तू त्यांचीच ना गं? मी न्हाई म्हणाले.”

पोरगी रडायला लागली. आपलं घर आपलं नाही असं तिला सांगावं लागलं होतं. अनसाबाई उठून गोठ्याकडचं फाटक लावून आल्या. ते फाटक कधीच लावत नसत.

लावून उपयोग झाला नाही. दिवस मावळायच्या आत माणसं आली. आधी ओळखीची: ओढ्याकडून भावकीतले, रस्त्याकडून शेजारवस्तीचे. त्यांच्यामागं साधनानं कधी न पाहिलेली. हातात काठ्या, एकाच्या हातात उसाचा कोयता. पुढं रोहिदास, सुदर्शनचा चुलतभाऊ, राखणदारीच्या दलाचा म्होरक्या. त्याच्या बायकोचं डोहाळजेवण साधनानंच केलं होतं.

“वहिनी, यंत्र चालू करा,” तो म्हणाला. “आमच्यासमोर.”

“करते की. त्यात काय लपवायचंय, भावजी?”

तिला वाटलं, बरंच झालं. ऐकतील, बघतील, कंटाळतील आणि जातील. खताच्या खोलीत मावतील तेवढे आत आले, बाकीचे खिडकीला चिकटले. तिनं बटण दाबलं. स्पीकरमधून टुकटुक सुरू झाली. उद्याच्या तयारीला लोक जगभर बसलेच होते.

“हे कोण वाजवतंय?”

“लांबचे लोक आहेत. मी बोलून दाखवते.”

तिनं खटक्यावर बोटं ठेवली. स्वतःचं नाव वाजवताना दोनदा चुकली. आयुष्यात कधी चुकली नव्हती. तिसऱ्यांदा जमलं. आणि लगेच, खणखणीत, कुणीतरी उत्तर दिलं. खोलीतली माणसं एक पाऊल मागं सरली.

“कोण त्यो?”

“फिनलंडचा एक माणूस आहे.”

“कुठं आलं ते?”

“युरोपात. रशियाच्या शेजारी.”

“रशिया!” कुणीतरी म्हणालं. तो शब्द खिडकीतून बाहेर गेला, अंगणातून फाटकापर्यंत गेला. ड्रोन म्हणजे चोर, इथपर्यंत गाव आलं होतं. आता चोर परदेशातले झाले.

“काय म्हणतोय?” रोहिदासनं विचारलं. त्याच्या कपाळावर घाम होता. तोही भ्यायलाय, हे साधनाला दिसलं, आणि त्यानं तिला जास्तच भीती वाटली.

“शुभेच्छा देतोय. उद्यासाठी.”

बोलून गेली आणि जीभ चावली.

“उद्या काय हाय, वहिनी?”

“स्पर्धा आहे. नुसती स्पर्धा, भावजी.”

“उद्या कायतरी हाय,” खिडकीतला माणूस मागच्यांना सांगू लागला. “उद्याचं ठरलंय त्यांचं.”

बाहेर कुणीतरी तारेवर काठी मारली. स्पीकर खरखरला, आणि अंगणातली पोरं ओरडत पळाली. सुदर्शननं घाईघाईनं पोलीस पाटलांना फोन लावून मोठ्या आवाजावर ठेवला. पाटील म्हणाले, परवाना हाय, मला म्हायती हाय, वहिनींवर हात उचलू नका. मग म्हणाले, “पर सुदर्शन, लोकांपुढं काय करतो गड्या? उतरव तार. कशाला तमाशा?”

रोहिदासनं जाताना सुदर्शनला एवढंच सांगितलं, “उद्या उजाडायला तार खाली पायजे. न्हाईतर आम्हाला उतरवावी लागंल. मला नगं लावू ते करायला, दादा.”

माणसं गेली. टेंपो आला, फुलं घेऊन गेला. ड्रायव्हरनं नेहमीसारखा चहा मागितला नाही. सुदर्शननं शिडी आणून लिंबाला लावली. पण अंधारात चढवेना, म्हणून सकाळी बघू म्हणाला. तशीच उभी ठेवली.

साधना चुलीपुढं बसली. पिठात पाणी जास्त पडलं, भाकरी थापता थापता फाटली. दुसरी थापली, तीही फाटली. समृद्धी आजीला चिकटून बसली होती. अनसाबाई अंधारात बघत अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, “उतरव गं बाई. जिवापुढं काय हाय?”

शिव्या दिल्या असत्या तर साधनाला सोपं गेलं असतं. तिला वाटलं, खरंच, काय आहे? एक तार. उतरवू आणि दार लावून झोपू.

तवा तापला होता. तिच्या डोळ्यांपुढं ताईबाई आली.

ताईबाई ओढ्यापलीकडची, विधवा. ती रोज संध्याकाळी बांधावरच्या उंबराखाली दिवा लावायची. नवऱ्याचा काही नवस होता म्हणे. एके वर्षी वस्तीत दोन जनावरं दगावली आणि लोक म्हणाले, हिच्या दिव्यात काहीतरी आहे. ताईबाई भ्याली. तिनं दुसऱ्याच दिवसापासून दिवा बंद केला. लोकांचं समाधान होईल असं तिला वाटलं. लोक म्हणाले, बघा, केला ना बंद? म्हणजे करतच होती. आज इतकी वर्षं झाली. बारशाला तिला बोलावत नाहीत. ती समोरून आली की बायका लेकरावर पदर ओढतात. साधनानंही ओढला होता. समृद्धी तान्ही होती तेव्हा, याच अंगणात.

दिवा लावत राहिली असती तर काय झालं असतं? मार खाल्ला असता कदाचित. किंवा लोक कंटाळले असते. ते कुणालाच माहीत नाही. बंद केल्यावर काय झालं, तेवढं मात्र सगळ्यांना माहीत आहे.

उद्या ही तार उतरली की तो मोबाइलमधला लिंब खरा ठरणार. समृद्धीला एसटीत जन्मभर न्हाई म्हणावं लागणार. स्थळं येतील तेव्हा पाहुणे फाट्यावर चौकशी करतील, आणि फाट्यावरचे सांगतील.

तिसरी भाकरी न फाटता तव्यावर पडली. साधनानं हात पदराला पुसला, ताटं वाढली, आणि सगळे पहिला घास घ्यायच्या आत बोलली. आवाज बारीक आला. तिनं कुणाकडं बघितलं नाही.

“तार उतरायची नाही. पहाटे साडेपाचला मी बसणार, आणि परवा रात्रीपर्यंत बसणार. दार उघडं राहील, खिडकी उघडी राहील, ज्याला यायचं त्यानं येऊन शेजारी बसावं. अहो, जेवण झालं की शिडी काढून ठेवा. आणि आत्या, उद्या सकाळी धार तुम्ही काढा.”