हवा तुळशीरामने शोधली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. मग तुम्हालाच का? खरंच ठाऊक नाही.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी नागपूरजवळच्या एका कोळसा खाणीत मी हवेचा अधिकारी होतो. म्हणजे वरच्या मोठ्या पंख्याची हवा खाली शेवटच्या माणसापर्यंत पोचते की नाही, हे पाहणारा. पोचत नव्हती. खाण खोल गेली होती; टोकाला माणसं घामाने निथळायची, चक्कर येऊन बसायची. मी आणखी मोठा पंखा मागितला. नागपुरातल्या सदर भागातल्या मुख्य कचेरीतून उत्तर आलं — त्याला वीज कुठून आणायची?

खाली भिंती बांधणारा तुळशीराम मिस्त्री होता. चौथीपर्यंत शिकलेला. माझा नकाशा बघून एकदा म्हणाला, "साहेब, पंखा कायले मोठा करता? हवा तं मंधातच पळून राहिली."

तो मला जुन्या, बंद पडलेल्या बोगद्यांकडे घेऊन गेला. त्यांची तोंडं बंद करणाऱ्या भिंतींच्या फटींशी ओलं मनगट धरायचा, डोळे मिटायचा — "इथून जाते." मी माझं यंत्र लावायचो. दर वेळी तो बरोबर. असं कसं कळत असेल माणसाला?

महिनाभर त्याने त्या फटी बुजवल्या. मग परवानगी काढून आम्ही पंख्याचा वेग उतरवला. पंखा थोडा हळू केला तरी वीज पुष्कळ वाचते, हे पुस्तकात वाचलं होतं. पण खाली माणसं होती. टोकाला गेलो, आणि — काय सांगू — तिथे वारा होता! वर पंखा मंदावला होता, आणि इथे घामेजल्या बंड्या हलत होत्या. एक म्हातारा कामगार टोपी काढून नुसता उभा राहिला. तुळशीराम मात्र भिंतच चाचपत होता.

नकाशा समजावायला म्हणून मीच त्याला सदरला नेलं. तो दाराबाहेर बाकावर बसला. दार उघडं होतं. मोठ्या साहेबांनी विचारलं, "कल्पना कुणाची?"

एक नाव घ्यायचं होतं — जड होतं का ते?

"माझी," मी म्हणालो. आणि तेवढ्यावर तरी थांबलो का? "बाहेर बसलाय ना, त्याने माती लिंपली."

परतताना जीपमध्ये मी त्याच्याकडे बघू शकलो नाही. तोच बोलला. "तिसऱ्या भिंतीले आणखी एक हात द्या लागते, साहेब. पावसाळ्यात सुटन ते." बस, एवढंच.

मला बढती मिळाली. पुढे कितीतरी वर्षं नव्या इंजिनिअरांना ही पद्धत मी शिकवली — माझी म्हणून. तुळशीराम मिस्त्री म्हणूनच निवृत्त झाला. निरोपाच्या दिवशी मी नागपुरातच होतो, गेलो नाही. आता तो हयात नाही.

त्या फटी त्याने शोधल्या. मी खोटं बोललो — तो ऐकत असताना.