भाऊंनी ओढलेली वायर

भाऊंशी माझं शेवटचं बोलणं म्हणजे भांडण होतं.

"भाऊ, टेस्टिंग म्हणजे मुद्दाम काड्या करणं नाही," असं म्हणून मी फोन आपटला. महिन्याभरात ते गेले.

आज त्याला वर्ष झालं. हे कुणालाच सांगितलं नव्हतं. आज सांगते, कारण आज मनावरचं ओझं उतरलंय.

मी धुळ्याला डिप्लोमा करत होते तेव्हा भाऊ आमचे लॅब असिस्टंट. सोल्डरिंग त्यांनीच शिकवलं, तेही माझी बोटं दोनदा भाजल्यावर. रिटायर झाल्यावर साक्रीला घरी असायचे.

मी जळगावात ज्या छोट्या कंपनीत आहे, तिथं लशींच्या फ्रिजचं तापमान बघणारी कार्डं बनतात. खेड्यातल्या दवाखान्यांत लागतात ती.

कार्डाचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतला प्रोग्राम, जागेवरच अपग्रेड व्हावं म्हणून लिनक्स कर्नलमधला ड्रायव्हर मी लिहिला. तो नवीन फाइल तुकड्या-तुकड्यानं कार्डात भरतो, मग कार्ड रिस्टार्ट होतं.

मधेच लाईट गेली तर कार्डानं गपचूप जुन्या फर्मवेअरवर परत यायचं. नाही आलं तर कार्ड मेलं. फ्रिज किती तापला ते कुणाला कळणार नाही, आणि लशी वाया.

ऑफिसात सगळं पास. ऑफिसात यूपीएस आहे ना.

म्हणून टेस्टिंगला मीच भाऊंना घेतलं. ते साक्रीला घरीच अपग्रेड सुरू करायचे आणि मधेच वायर ओढायचे.
परत लावायचे. परत ओढायचे. वहीत लिहून ठेवायचे.

रिलीजच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन.
"ताई, कार्ड मरी गयं."

'आता नवीन फर्मवेअर वापर' ही खूण माझा ड्रायव्हर फाइल पूर्ण तपासायच्या आधीच करून मोकळा होत होता. फरक दोन सेकंदांचा. नेमकी तेवढ्यात भाऊंनी वायर ओढली होती.

"बरोबर त्याच दोन सेकंदांत कशाला जाईल लाईट?"

"आमनाकडे लाईट काय इचारीसन जास का?"

त्यांचं खरं होतं. म्हणूनच माझं डोकं फिरलं आणि ते काड्यांचं वाक्य तोंडून गेलं.

रिलीज थांबवलं. खूण सगळ्यात शेवटी करायची, बदल एवढाच, पण आठ दिवस खाल्ले त्यानं.

पॅच, म्हणजे ही दुरुस्ती, कर्नलवाल्यांच्या मेलिंग लिस्टवर टाकताना खाली बग शोधणाऱ्याचं नाव घालायची पद्धत असते. मी भाऊंचं घातलं.
दुरुस्त ड्रायव्हर ऑफिसातून त्यांना टेस्टिंगला गेला, मी फोन मात्र केला नाही. साक्रीला जाऊन समोर बसून सॉरी म्हणू, असं ठरवत राहिले.

मग फोन आला तो त्यांच्या मुलीचा. हार्ट अटॅक.

अंत्यविधीला गेले, पण भाऊंच्या बायकोसमोर, वहिनींसमोर, जायचं धाडस झालं नाही.

आज साक्रीला त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या पुण्यानुमोदनाला गेले. वंदना झाली, जेवणं झाली. निघताना वहिनींनीच हात धरला. "त्यासनी तुले मेल करेल व्हता ना? भलता खूश व्हतात त्या दिन."

मला कुठलाच मेल आठवेना. तिथंच ओट्यावर बसून शोधायला लागले.

पॅचमध्ये ज्याचं नाव, त्याला त्याची प्रत आपोआप जाते. मला हे माहीत होतं, पण तेव्हा डोक्यातच आलं नाही.
भाऊंनी त्यावर सगळ्यांना मिळून उत्तर दिलं होतं. लिस्टचे मेल माझ्याकडे एका वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊन पडतात. पॅच तोवर मंजूर झाला होता, म्हणून मी तिकडे फिरकलेच नव्हते.

ते जाण्याच्या चार दिवस आधीचा मेल.

"टेस्ट कयं. यावेळी वायर मी नही ओढी, लाईटच गयी. कार्ड परत उठनं.
ताई, तू बोलनी ते मी मनवर नही लिधं. घर ये. तुनी वहिनी कळण्यानी भाकर करस."

मी ढसाढसा रडले. मग रडता रडता हसायला लागले. लोक बघत होते, बघू देत.

वहिनींना मेल वाचून दाखवला. त्या पदरानं डोळे पुसत उठल्या.
"मंग बठ. भाकर टाकस."

पोट तुडुंब भरलेलं होतं. तरी बसले.

भाऊ, मेल वाचला. उशीर झाला.

जयभीम.